खालची कापलेली ओळ

सर, सुटले मी.

माणूस गेल्यावर पहिलं वाक्य असं लिहितं का कुणी? तुम्ही असतात तर पेन्सिलीने खूण करून कागद परत दिला असतात. पण तुम्ही नाही, आणि मलाही आता भ्यायचं काही कारण उरलं नाही, म्हणून जे खरं आहे तेच आधी लिहिते. तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले. इतके दिवस मी रडले, चिडले, स्वतःला नाही नाही ते बोलले. आणि काल दुपारी वाचनालयात असं काही झालं की डोक्यावरचं ओझंच उतरलं. काल रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. सूनबाई म्हणाली, आई, आज तुमचा चेहरा वेगळा दिसतोय.

जे झालं ते तुम्हाला ठाऊकच होतं, हे मला कालच कळलं. तरी सांगते. नऊ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे, एकदा माझ्या तोंडून निघू दे.

तुम्ही ग्रंथपाल, मी बाइंडर. आपलं वीस वर्षं जमलं ते भांडूनच. मी पहिल्यांदा वाचनालयाचा जिना चढले तेव्हा माझा नवरा जाऊन चार महिने झाले होते. त्याचा पुस्तकं दाबायचा शिकंजा, सुया, खळ शिजवायचं पातेलं, सगळं घरात तसंच पडलं होतं. हात माझेही त्याच कामात मुरलेले, फक्त नाव त्याचं होतं. वाचनालयाच्या मंडळातले एक गृहस्थ तुमच्या शेजारी बसले होते, ते म्हणाले, "बाई बाइंडर? बघा बुवा." तुम्ही उठलात. कपाटातून एक पाठ तुटलेलं पुस्तक काढलंत, माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "शिवून आणा." तिसऱ्या दिवशी मी आणलं. तुम्ही ते मधोमध उघडून टेबलावर ठेवलंत आणि हात काढून घेतलात. पुस्तक तसंच उघडं राहिलं. "हं. राहतंय," म्हणालात. मुलाखत झाली.

मग दर मे महिन्यातला तो आठवडा. वाचनालय साफसफाईसाठी बंद, खिडक्या लावलेल्या तरी शेजारच्या लूमची खटखट आत येतेच आहे, कापसाची तूस टेबलावर बसतेच आहे, आणि मधल्या लांब टेबलावर वर्षभरात साठलेल्या कागदांचा डोंगर. साप्ताहिकांचे अंक, मासिकं, अहवाल, स्मरणिका, हस्तपत्रकं, कुणी कुणी आणून दिलेल्या वह्या. त्यातलं काय बांधायचं, काय नुसतं दोरीने गाठोडं करून ठेवायचं आणि काय रद्दीत द्यायचं, हे तुम्ही ठरवणार. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक अक्षर. बां, गा किंवा र. बां मिळालेले कागद मी घरी न्यायचे, शिवायचे, पुठ्ठे चढवायचे आणि पावसाच्या आधी आणून द्यायचे.

तुमचे तीन प्रश्न मला अजून झोपेत पाठ आहेत. दुसरीकडे कुठे मिळेल का? गेल्या तीन वर्षांत कुणी मागितलं का? कागदात अजून जीव आहे का? आणि मी दरवर्षी त्यात नाक खुपसणार. "सर, जे कुणी मागत नाही, ते दुसरीकडे पण कुणी ठेवत नाही. मग ते जायचं कुठे?"

"मग काय, सगळी भिवंडी बांधून ठेवू?" तुम्ही म्हणायचात.

"ठेवा की. सुया माझ्या आहेत."

"मंडळ वर्षाला चाळीस खंडांची मंजुरी देतं, मंदाबाई. एक्केचाळीस न्हाय. तपासणीला माणूस येतो तो खंड मोजतो." रागावलात की तुमच्या तोंडी तुमच्या गावची, कोनची भाषा यायची. एरवी इतकं साफ बोलणारा माणूस, पण न्हाय म्हटलंत की मला कळायचं, आता पुढे बोलण्यात अर्थ नाही.

एकदा मात्र मी विचारलं, "खंड मोजतो. पानं कोण मोजतो?"

"पानं कुणी मोजत नाही," तुम्ही म्हणालात, आणि उठून खिडकीपाशी गेलात. ते मुद्दाम बोललात की सहज, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. आता विचारायला तुम्ही नाही. जाऊ दे. मी तरी त्याचा अर्थ मला हवा तसा घेतला.

वज्रेश्वरीच्या बसच्या वेळापत्रकावरून आपण किती भांडलो होतो, आठवतं? जुनं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. तुम्ही र लिहिलंत. मी म्हटलं, सर, कुठली बस कुठल्या पाड्याला थांबायची ते आहे ह्यात. तुम्ही म्हणालात, यातल्या अर्ध्या बस आता धावत पण नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच तर! तुम्ही कपाळाला हात लावलात. शिपाईसुद्धा हसत होता. शेवटी वेळापत्रक र मध्येच राहिलं. निदान तुम्हाला तसं वाटलं, असं मला वाटलं.

एक गोष्ट मात्र मी तुमची मानायची, अगदी भांडण चालू असतानाही. र लिहिण्याआधी तुम्ही तो कागद वाचायचात. हस्तपत्रक असो की सरावाची वही, खिडकीपाशी उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग खिशातल्या छोट्या डायरीत काहीतरी टिपायचात आणि मगच पेन्सिल चालवायचात. मी एकदा चिडवलं, "टाकायचंच आहे तर वाचता, टिपता कशाला?" तुम्ही म्हणालात, "जाण्याआधी निदान एकाने वाचलेलं असावं." 

आता आईची गोष्ट.

माझ्या आईला तुम्ही एकदाच पाहिलंत. तिने जन्मभर घरी बसून लूमसाठी कांड्या भरल्या, यंत्रावर सूत गुंडाळायचं काम. अंगठा उठवायची. साठीला आली तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांसाठी अक्षरवर्ग निघाला, आणि ही पाटी घेऊन सगळ्यात पुढे जाऊन बसायला लागली. एक दिवस मी चष्मा घरी विसरले, तो द्यायला ती वाचनालयात आली. वाचनकक्षात भिंतीवरच्या पाटीसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "शां-त-ता रा-खा." सगळ्यांच्या माना वर. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तुम्ही खुर्चीवरून उठलात, तिच्याकडे आलात आणि म्हणालात, "अगदी बरोबर वाचलंत, आजी. आता इथे नाव लिहा." आणि अभिप्राय वही उघडून दिलीत. तिला नाव लिहायला पाच मिनिटं लागली. वही हलू नये म्हणून तुम्ही ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

जिना उतरताना आईने मला विचारलं, "एवढी कपाटं. ह्यात आपल्यातल्या कुनाचं हाय का गं? कांडी भरनाऱ्या बाईचं?"

मी म्हटलं, "न्हाय, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून खाली उतरली. पुढच्या थंडीत ती गेली.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात टेबलावरच्या ढिगात एक निळी वही होती. अक्षरवर्ग बंद पडला तेव्हा शिकवणारी मुलगी वाचनालयात देऊन गेली होती. मी उघडली. सात बायकांनी लिहिलेली पानं, प्रत्येकीने पानाच्या तळाशी आपलं नाव घातलेलं. तिसरी माझी आई. तिच्या पानावर एवढंच होतं: "आज मी बसची पाटी वाचली. कोन. मी वाचून बसले. कुनाला विचारलं न्हाय."

आईच्या हातचं लिहिलेलं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं, सर.

तुम्ही वही खिडकीपाशी नेलीत. नेहमीसारखी पूर्ण वाचलीत, डायरीत बराच वेळ लिहीत होतात. मग परत आलात आणि कोपऱ्यात र लिहिलंत. मी म्हटलं, ही ठेवा. तुम्ही म्हणालात, सरावाची वही आहे, अशा वह्या प्रत्येक वर्गात निघाल्या असतील. मी म्हटलं, निघाल्या असतील, पण राहिल्या किती? तुम्ही दमला होतात त्या दिवशी. "मंदाबाई, एवढीच आवडली असेल तर घरी घेऊन जा."

तिथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ह्यात माझी आई आहे. संपलं असतं. तुम्ही काय दगड नव्हतात. पण माझा ताठा आड आला. मला वाटलं, सांगितलं तर हे मंदाबाईच्या भिडेखातर बांधतील. आणि मला ती वही घरी नको होती. घरी ती आईची आठवण म्हणून राहिली असती, ट्रंकेत, साड्यांच्या खाली. मला ती कपाटात हवी होती, जिन्यावरच्या त्या प्रश्नासाठी. म्हणून खरं ते सांगायचं सोडून मी भलतंच बोलले. म्हटलं, "सर, तुम्हाला फक्त छापलेलंच वाचता येतं वाटतं."

तुमचा चेहरा उतरला. आठ दिवस तुम्ही कामापुरतंच बोललात. ते वाक्य मी कधी मागे घेतलं नाही. आज घेते. ज्याने माझ्या आईला वही धरून दिली त्याला मी असं बोलायला नको होतं.

आणि मग मी चोरी केली. त्या वर्षीच्या बां मध्ये आपल्याकडच्या एका साप्ताहिकाचे वर्षभराचे अंक होते. त्यांची पानं शिवून झाल्यावर सगळ्यात शेवटी मी ती निळी वही, तिचे पुठ्ठे काढून, त्याच दोऱ्यात ओवली. खंड चाळीसच. पानं सोळा जास्त. मला इतका आनंद झाला होता की काम करताना मी गात होते.

त्या आनंदातच माती खाल्ली. वहीची पानं साप्ताहिकापेक्षा लहान. इतकी वर्षं हे काम करणाऱ्या बाईला कळायला हवं होतं की लहान पानं वरच्या बाजूला, कडेपासून आत घेऊन शिवायची. पण मी ती खाली टेकवून शिवली, खंड उभा ठेवला की पानं लोंबू नयेत म्हणून. मग खंड कटिंगला लावला. वरून, पुढून आणि खालून कडा सारख्या केल्या. खळ, पुठ्ठा, कापड, दोन दिवस शिकंज्यात. तिसऱ्या दिवशी काढला आणि आईचं पान बघावं म्हणून शेवटून उघडला.

तळाची ओळ गेली होती. सातही पानांवरची. नावं कापली गेली होती, सर. आईच्या नावाच्या फक्त वरच्या रेघा उरल्या होत्या, खाली अक्षरंच नाहीत. मी कात्रणांचं पोतं शोधलं, तर ते आदल्याच दिवशी पुठ्ठेवाल्याने नेलं होतं. तिने लिहिलेलं पान कपाटात जावं म्हणून तुमच्याशी भांडले, खोटं वागले, आणि तिचं नाव माझ्याच हाताने कापलं. त्या दिवशी घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

खंड तुम्हाला आणून दिला. तुम्ही नेहमीसारखा उघडून ठेवलात, हात काढलात, तो उघडा राहिला, तुम्ही मान हलवलीत. 

त्यानंतर थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही, उलट चेवच चढला. दरवर्षी तुमच्या र च्या ढिगातून काही ना काही मी खंडांच्या पोटात शिवत गेले. आता मात्र वरच्या बाजूला, कडेपासून दोन बोटं आत. ते वेळापत्रक. लूमवाल्यांच्या संपाचं पत्रक, एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी आणि खाली उर्दू. विहारातल्या पोरांचं हाताने लिहिलेलं त्रैमासिक. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलेली रानभाज्यांची यादी, शाळेच्या कागदावर मास्तरांनी उतरवून घेतलेली. एकाही कागदाची ओळ मी परत कापली नाही. पण आईची कापलेली काही परत आली नाही, आणि दर मे महिन्यात तुमच्यासमोर बसले की ती ओळ मला डोळ्यासमोर दिसायची.

तुम्ही निवृत्त झालात तरी मे महिन्यातली पेन्सिल तुमच्याकडेच राहिली, आणि दर गुरुवारीही तुम्ही वाचनालयात येत राहिलात. दाखल रजिस्टरातल्या पुस्तकांच्या नोंदी नीट करायच्यात, म्हणायचात. मंडळात लोक हसायचे, घरी करमत नाही म्हाताऱ्याला. खरं सांगते, मीही हसले होते.

शेवटी तुम्हाला भेटायला कोनला आले, तेव्हा सांगायचं ठरवूनच आले होते. रिक्षात दोनदा बोलून बघितलं. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, हाडं नुसती. बाहेर रस्त्यावर वळ गावच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकची रांग, हॉर्न थांबतच नव्हते. तुम्ही विचारलंत, खळीत मोरचूद घालता ना अजून, किडे लागतील. मी म्हटलं, घालते. मग तुम्ही डोळे बारीक करून म्हणालात, "कटिंगला जरा सबुरी धरा, मंदाबाई."

मी भडकले. आजारी माणसासमोर! "माझ्या कटिंगला काय झालं? वीस वर्षांत कधी तक्रार आली?"

तुम्ही हसलात. इतके हसलात की ठसका लागला आणि वहिनी पाणी घेऊन धावत आल्या. मग चहा आला, मग शेजारचे आले, मग तुम्हाला झोप आली. माझं राहूनच गेलं. बारा दिवसांनी फोन आला. खरं बोलायचं ठरवलंच आहे तर हेही ऐका. फोन ठेवल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की आता सांगावं लागणार नाही. दुसऱ्याच क्षणाला स्वतःची लाज वाटली, आणि ती काल दुपारपर्यंत वाटत होती.

कारण परवा वाचनालयातून बोलावणं आलं. तुमच्या जागी आता तरन्नुम आहे, तुम्हीच तिला रजिस्टर भरायला शिकवलंत. चुणचुणीत पोरगी, मराठी बोलता बोलता हिंदीत जाते आणि परत येते. सगळे बांधीव खंड आता फोटो काढून कॉम्प्युटरवर घ्यायचे आहेत. ते तपासताना तिला साप्ताहिकाच्या खंडात बसचं वेळापत्रक सापडलं. मग दुसऱ्यात उर्दू पत्रक. मंडळाच्या कानावर गेलं. ठरलं असं की खंड मुळात होते तसे करायचे. जे दाखल रजिस्टरात नाही ते काढून टाकायचं. आणि काढायचं कुणी? बाइंडरने.

काल मी पिशवीत चाकू घेऊन तुमचा जिना चढले. 

तरन्नुमने टेबलावर निळ्या वहीचा तोच खंड काढून ठेवला होता. शेवटची पानं उघडली, आईचं पान वर. "मंदाताई, हे आत कसं आलं असेल?"

"आलं असेल चुकून."

"इतनी सफाई से? चुकून इतकं नीट कोण शिवतं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवीत चाकू शोधत राहिले. म्हटलं, काढायचंय ना, मग दे इकडे.

"रुको, एक मिनट. सर म्हणायचे, काढण्याआधी रजिस्टर बघायचं. तो नियम आहे." तिने तुमचं ते जाडजूड रजिस्टर ओढलं. त्या खंडाचा क्रमांक शोधला. बोट रकान्यावरून खाली नेत गेली, आणि थांबली.

"अरे," ती म्हणाली, "ये तो लिखा हुआ है."

तुमचं अक्षर. खंडाच्या नोंदीखाली, बारीक, स्वच्छ, वेगळा क्रमांक घालून: अक्षरवर्गाची वही, हस्तलिखित, पाने सोळा, वरील खंडात बांधलेली. मी खुर्ची ओढून बसले. तरन्नुमने रजिस्टरची पानं उलटली. वेळापत्रक होतं. पत्रक होतं, त्याचं उर्दू नावसुद्धा मराठी अक्षरांत लिहिलेलं, कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार तुम्ही. रानभाज्या होत्या. माझ्या चोऱ्यांमधली एकही सुटली नव्हती, सर. त्या गुरुवारांना आम्ही हसत होतो.

आता आठवतं. मागे एक मुलगी जुन्या बसमार्गांवर अभ्यास करायला आली होती, आणि तुम्ही तिला म्हणालात, तो अमका खंड चाळा, पण शेवटपर्यंत चाळा. मी दाराशी उभी होते. मला वाटलं, काय योगायोग आहे! किती ती मी शहाणी.

सांगितलं का नाहीत? कालपासून तोच विचार करते आहे. सांगितलं असतंत तर ते तुम्हाला माहीत आहे असं झालं असतं, आणि मग मंडळाला तुम्हालाच जाब द्यावा लागला असता, किंवा मला थांबवावं लागलं असतं. म्हणून तुम्ही मला भांडू दिलंत, शिवू दिलंत, आणि मागून येऊन एकेक कागद वाचनालयाच्या नावावर करत गेलात. एवढं करून वर समोर बसून पेन्सिलीने र लिहीत राहिलात. काय माणूस होता हो तुम्ही. इतका राग आला मला काल तुमचा, आणि इतकं भरून आलं.

पण मूळ गोष्ट राहिलीच. तरन्नुम परत निळ्या वहीच्या नोंदीवर आली. "मंदाताई, लेखकाच्या रकान्यात सात नावं आहेत. पण पानांवर तर नावं नाहीतच. खालून कट झालंय." आणि तिने वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव. दुसरं. मग तिसरं.

"अनसूया तुकाराम जाधव."

माझी आई, लेखकाच्या रकान्यात.

शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, आणि ते मी आता पाठ केलंय: "बांधणीत पानांची खालची ओळ कापली गेली आहे. नावे माझ्या डायरीतील टिपणावरून. तिसरे नाव अभिप्राय वहीतील सहीशी ताडून पाहिले. काढू नये."

म्हणजे तुम्हाला सगळंच कळलं होतं. ते पान कुणाचं, मी का भांडले, काय कापलं आणि का गप्प बसले. आणि मी कापलेली ओळ तुम्ही परत लिहून ठेवलीत, ज्या डायरीवरून मी तुम्हाला चिडवत होते त्याच डायरीतून. वर मला एवढंच म्हणालात, कटिंगला जरा सबुरी धरा. मी त्यावरही भांडले.

तरन्नुमने विचारलं, "ओळखीच्या आहेत का ह्या?" मी म्हटलं, तिसरी माझी आई. तिने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, आणि मी हुंदके देत होते तेवढा वेळ दाराशी जाऊन उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून. मग परत आली आणि म्हणाली, "मंडळाला मी कळवते. नोंद आहे, विषय संपला." चाकू मी पिशवीतून काढलाच नाही.

सर, तुम्हाला आता सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. भांडायला मात्र खूप उरलंय. येत्या मे महिन्यात टेबलावर ढीग लागेल, पेन्सिल तरन्नुमच्या हातात असेल, आणि मी समोर बसून नाक खुपसणार आहे. ती तुमच्याच हाताखालची आहे, ऐकायची नाही. बघू.

घरी येताना वाटेत कुठेच थांबले नाही. दार उघडलं, चप्पल पण काढली नाही, तशीच आईच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. तिने जिन्यावर विचारलं होतं आणि मी तिला न्हाय म्हटलं होतं. तिला म्हटलं, "हाय, आई. आपल्यातल्या बाईचं हाय."